खांद्याला सोसेल ते काडतूस

एसी बंद केला की कुवेतमध्ये हिवाळा सुरू होतो. उन्हाळाभर घरात एक घरघर भिंतीसारखी उभी असते. ती एका सकाळी आपणच बटण दाबून पाडायची. मग एकदम शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येते. खालचा बकालावाला, म्हणजे इथला वाणी, शटर वर ढकलतो, तो आवाज येतो. बाल्कनीच्या कठड्यावर कबुतरं नखं घासतात, तेसुद्धा कानावर पडतं. मंगफच्या आमच्या फ्लॅटमध्ये हे बटण दाबायचा मान माझा. नवरा नाशिकचा, त्याला थंडीचं कौतुक नाही. मला आहे, कारण मी सिंधुदुर्गातली. आमच्याकडे थंडी पाहुण्यासारखी येते आणि चहा होण्याआधी निघून जाते.

परवा बटण दाबलं, खिडकी उघडली आणि वाळवंटाकडचा तो कोरडा, गार, किंचित मातकट वारा आत आला. दरवर्षी त्याच्याबरोबर मला आणखी एक वास येतो, जो खरं तर तिथे नसतोच. जळलेल्या बंदुकीच्या दारूचा. हिवाळा म्हटलं की कुणाला हुरडा आठवेल, कुणाला तिळगूळ. माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्ट बाईला काडतुसं आठवतात. एका हिवाळ्यात मी ती इतकी हाताळली, तोलली, त्यांच्यावर इतकी बोलले की तो वास माझ्यासाठी त्या ऋतूचाच होऊन बसला.

मिरकाबमधल्या एका जुन्या इमारतीत आमचं क्लिनिक आहे. माझ्याकडे मुख्यतः खांदे येतात. आखडलेले, निखळलेले, शिवलेले. पेशंट मला ‘दकतोरा’ म्हणतात. मी डॉक्टर नाही हे सांगायचं मी कधीच सोडून दिलंय. नवा पेशंट आला की मी पहिल्यांदा एकच विचारते, ‘‘हा हात बरा झाला की तुम्हाला काय करायचंय?’’ बायका म्हणतात, केस विंचरायचेत. म्हातारे म्हणतात, नमाजाला नीट हात टेकवायचेत. कुणाला नातवंड उचलायचं असतं. उत्तर ऐकलं की मला कळतं आपल्याला कुठे पोचायचंय.

बू सालेम म्हणाले, ‘‘कुडू.’’

मला वाटलं, अरबीतला एखादा शब्द माझा राहून गेलाय. त्यांची मुलगी मरियम शेजारी उभी होती. तिने फोनवर चित्र दाखवलं. राखाडी अंगावर पांढऱ्या रेघा आणि डोक्यावर पीळ घातलेली दोन लांब शिंगं असलेलं घोड्याएवढं हरीण. ‘‘यूबाला नामिबियाला जायचंय, शिकारीला,’’ ती म्हणाली. यूबा म्हणजे बाबा. ‘‘आमचे काका आणि ते दरवर्षी जायचे. काका गेल्या उन्हाळ्यात वारले.’’

बू सालेम सत्तरी ओलांडलेले, उंच, ताठ. उजव्या खांद्यातला तुटलेला स्नायूबंध शिवून वर्ष होत आलं होतं. भावाच्या पाठीमागे त्याची रायफल त्यांच्याकडे आली होती. भावाच्या रायफलीने, भावाच्याच माळावर, एकदा. एवढंच त्यांना हवं होतं. सर्जनने त्यांना सांगितलं होतं, ‘‘त्या बाई हो म्हणाल्या तर जा.’’ म्हणजे सगळं माझ्यावर येऊन पडलं होतं. नाही म्हणाले तर एका म्हाताऱ्याचा शेवटचा हट्ट मोडायचा. हो म्हणाले आणि टाका उसवला, तर या वयात तो हात पुन्हा डोक्यापर्यंत जाणार नव्हता.

त्यांना वाटत असावं की मी शिकार म्हटल्यावर नाक मुरडेन. मी विचारलं, ‘‘रायफल कुठल्या काडतुसाची आहे?’’

ते दचकून माझ्याकडे बघायला लागले. मी बोलून गेले ते मराठी काडतूसच. अरबी शब्द मला कुठे येत होता! पण त्यांना कळलं. ‘‘खरतूश?’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही लोक काय म्हणता? काडतूस?’’ आणि हसले. पहिल्यांदाच. म्हणे हा शब्द आमच्याकडे पोर्तुगिजांच्या गलबतातून आला. त्यांच्याकडे कुठून आला कोण जाणे. समुद्र एकच, तेव्हा शब्दही दोन्ही काठांना लागला असेल. त्यांचं लहानपण वडिलांच्या व्यापारामुळे थोडंफार मुंबईत गेलं होतं. त्यामुळे मोडकं, गोड हिंदी त्यांना येत होतं. त्या दिवसापासून आमचं बोलणं हिंदीतच सुरू झालं.

मी त्यांना सांगितलं की माझ्या माहेरी बंदूक आहे. बाबांची, ठासणीची, शेतीच्या रक्षणासाठी परवाना घेतलेली. आमच्याकडे रानडुकरं एका रात्रीत वाफे नांगरून टाकतात. संध्याकाळी बाबा खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून दारू मोजत, चिंधी ठासत, आणि आम्ही पोरी उंबऱ्याच्या आत. ‘‘भायर येव नको गो बाय,’’ एवढंच आमच्या वाट्याला. बंदुकीला हात लावायची मुलींना मुभा नव्हती. पण बार झाला की त्याचा वास आत यायचा, आणि वासाला कोण अडवणार?

त्या वर्षी बाबांच्या बंदुकीची मला काळजी लागून राहिली होती. त्यांचा हात थरथरायला लागला होता. आईने फोनवर सांगितलं, ‘‘च्याय देतंय तर बशी वाजता.’’ तरी पावसाळ्यानंतरच्या वायंगणी भाताच्या राखणीला ते मांगरात, शेतावरच्या खोपटात, जाऊन बसत, बंदूक मांडीवर घेऊन. वाटेने शेजारीपाजारी जातायेत, काळोख पडतोय, आणि त्या हातात भरलेली बंदूक. मी बोलले, बहीण बोलली, डॉक्टर बोलले. बाबा ऐकून घेत आणि विषय बदलत. परदेशातल्या मुलीचं बोलणं हे तसंही आकाशवाणीसारखं असतं. ऐकायचं, उलट बोलता येत नाही, आणि मनावर घ्यायचं नसतं.

डिसेंबरच्या एका शनिवारी सकाळी मरियमने मला नेमबाजीच्या मैदानावर नेलं. शहर मागे पडलं, विजेचे मनोरे लागले, मग हिवाळ्यात हौसेने उभारलेल्या तंबूंच्या रांगा. मैदानावर ऊन कोवळं होतं आणि वारा बोचरा. बू सालेमनी भावाची रायफल पिशवीतून बाहेर काढली, ती एखाद्याला झोपेतून उठवावं तशी.

त्या रायफलीची काडतुसं माझ्या मधल्या बोटाहून लांब आणि अंगठ्याएवढी जाड होती. मॅग्नम. भरपूर दारू, जड गोळी, लांब पल्ला. ‘‘माझा भाऊ अब्दुल्ला म्हणायचा, हिने डोंगरसुद्धा पडेल,’’ बू सालेम म्हणाले. त्यांनी बाकावर बसून नेम धरला. बार झाला तो माझ्या कानांनी नाही, छातीने ऐकला. दुसरा झाला. मग त्यांनी रायफल खाली ठेवली. फार हळू, फार जपून. माझं शिक्षण तिथे उपयोगी पडलं. ज्याला दुखतं तो माणूस वस्तू अशी ठेवतो.

दोन्ही गोळ्या खाली लागल्या होत्या. कागदाच्या मधल्या वर्तुळापासून लांब. ‘‘काडतुसं जुनी आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘नवी आणूया.’’

मरियम पुढे झाली. पुढचं काडतूस मी भरते म्हणाली, आणि वडिलांची पाठ असताना तिने रायफलीत सरावाचं काडतूस घातलं. दारू नसलेलं, नुसतं नावाचं. मला तिने नजरेने गप्प केलं. बू सालेमनी पुन्हा नेम धरला, श्वास रोखला, घोडा दाबला.

नुसतं ‘टक्’ झालं. आणि रायफलीचं तोंड सपकन खाली गेलं.

काहीच उडालं नव्हतं. धक्का नव्हता, आवाज नव्हता. तरी हात दचकला होता, डोळे मिटले होते, अख्खा खांदा आत ओढला गेला होता. आम्ही तिघांनी ते पाहिलं. शेजारच्या बाकावरच्या माणसानेही पाहिलं आणि सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

‘‘हे मी केलं?’’ बू सालेमनी विचारलं.

‘‘हो यूबा.’’

 म्हणजे काडतुसं जुनी नव्हती. मार येणार हे शरीराला माहीत होतं, आणि ते आधीच अंग चोरत होतं. असे खांदे मी रोज बघते. टाके केव्हाच भरलेले असतात, पण हात अजून ऑपरेशनच्या दिवसातच राहतो. तरी इतक्या उघडपणे, एका ‘टक्’मध्ये, ते मी कधी पाहिलं नव्हतं. परतताना गाडीत मागच्या सीटवर मरियम रडत होती. बापाला उघडं पाडल्याचं तिला लागलं होतं. मी तिचा हात धरून बसले. 

पुढच्या वेळेला बू सालेम क्लिनिकमध्ये आले नाहीत. त्याच्या पुढच्या वेळेला आले आणि म्हणाले, ‘‘व्यायाम वाढव. दुप्पट दे.’’

‘‘हाताला व्यायाम देईन,’’ मी म्हटलं. ‘‘भीतीला कुठून देऊ? तिला लहान काडतूस द्यावं लागेल.’’

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग मला त्या वर्षातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली. खूप वर्षांपूर्वी, दोघे भाऊ तरुण असताना, त्यांनी एका मोठ्या हरणावर हलकी गोळी झाडली होती. कुणीतरी स्वस्तात दिलेली, पातळ कवचाची. ती खांद्याच्या हाडावर फुटली, आत गेलीच नाही. जनावर तीन पायांवर पळालं. दिवस मावळेपर्यंत दोघे रक्ताच्या थेंबांमागे चालले. सापडलं नाही. ‘‘अब्दुल्लाने दुसऱ्या दिवशी ही रायफल घेतली,’’ ते म्हणाले. ‘‘दकतोरा, मला माझ्या खांद्याची फिकीर नाही. पण मी पुन्हा एखाद्या जिवाला तसं सोडून येणार नाही. लहान काडतूस घेऊन गेलो आणि तसंच झालं तर?’’

 याचं उत्तर जिच्याकडे असेल अशी एकच व्यक्ती मला माहीत होती.

शुक्रवारी सुट्टी. दुपारी मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. इकडे बू सालेमच्या दिवाणखान्यात मी, मरियम आणि ते. तिकडे खळ्यात खुर्ची टाकून बाबा, मागे सुपारीच्या झावळ्या. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना आधी सलाम, मग नमस्कार केला. मग प्रकृती. मग पाऊसपाणी. मला वाटलं आता दिवस इथेच जाणार. पण बाबांनी एकदम विचारलं, ‘‘आपका कारतूस तैयार आता है? फॅक्टरी से?’’

‘‘हाँ, हाँ. डब्बा में.’’

बाबा विचारात पडले. त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या हाताने दारू मोजली होती. ‘‘बाय,’’ ते मला म्हणाले, ‘‘दारू दुसऱ्यान मापलेली, शिसा दुसऱ्यान ओतलेला. मग तेच्यार इश्वास ठेवचो कसो?’’

मी हे बू सालेमना हिंदीत सांगितलं. ते खूश झाले. ‘‘विश्वास ठेवायचा नाही,’’ ते म्हणाले. ‘‘विचारायचं. वेगवेगळे डबे आणायचे, प्रत्येकातली थोडी झाडायची, आणि रायफल काय म्हणते ते कागदावर बघायचं. आणि एकदा तिने हो म्हटलं, की त्याच खेपेचे डबे घ्यायचे, पुढच्या प्रवासाला पुरतील इतके. दुसऱ्या खेपेची गोळी त्याच जागी लागेल असं नाही.’’

बाबांना हे पटलं. मग त्यांनी भीतीबद्दल जे सांगितलं ते मला अजून शब्दशः आठवतं. ‘‘भाईसाब, बड़ा गोली गलत जगह लगा तो भी जानवर भागता है। छोटा गोली सही जगह लगा तो वहीं के वहीं बैठता है। और सही जगह लगाने के वास्ते आदमी डरा हुआ नहीं चाहिए।’’

 मग आपणहून, मला काही न विचारता, बू सालेमनी ते मैदानावरचं सगळं बाबांना सांगितलं. रिकामं काडतूस, ते ‘टक्’, खाली गेलेलं रायफलीचं तोंड. स्वतःच्या मुलीसमोर. काहीही लपवलं नाही. ‘‘हाथ झूठ नहीं बोलता, भाई,’’ ते म्हणाले. ‘‘हम बोलता था।’’

पडद्यावर बाबा हलले नाहीत. मला वाटलं नेटवर्क गेलं. पण मागच्या झावळ्या हलत होत्या.

त्यानंतर आम्ही दुकानात गेलो. दुकानदार जॉर्डनचा, नाकावर घसरलेला चष्मा, बोलणं संथ. त्याने डबे नंतर काढले. आधी विचारलं, जनावर कोणतं, किती लांबून मारणार, आणि रायफल कोण पेलणार. मरियमकडे तिची स्वतःची एक मध्यम काडतुसाची रायफल होती. भावाची रायफल घरी ठेवून तीच न्यायचं आता ठरत होतं. त्या रायफलीसाठी त्याने काचेवर तीन डबे ठेवले.

मी एकेक काडतूस तळहातावर घेऊन बघत होते. पितळ गार आणि गुळगुळीत. डब्यावर गोळीचं वजन ग्रेनमध्ये लिहिलेलं. कुठल्याशा काळी धान्याच्या दाण्यांनी तोलायचे, त्याचं ते माप. आमच्याकडे सोनार गुंजांनी तोलायचा तसंच. दुकानदाराने समजावून सांगितलं. सगळीकडून कठीण कवच असलेली गोळी शिकारीला नकोच. ती आरपार जाते आणि जनावर दूर कुठेतरी तडफडून मरतं. शिकारीची गोळी आत शिरल्यावर टोकाकडून उमलली पाहिजे, कळी उमलते तशी. पण नुसती उमलून भागत नाही. कुडूसारख्या मोठ्या हरणाचं खांद्याचं हाड जाड. तिथे पातळ गोळीचे तुकडे होतात. म्हणून कवच आणि शिसं एकमेकांना धरून राहील अशी घ्यायची. पहिला डबा हलक्या गोळीचा, खांद्याला अगदी सोपा, पण बांधणी नाजूक. तिसरा जड गोळीचा, धक्काही तसाच. मधला मधल्या वजनाचा, घट्ट बांधणीचा.

‘‘तुम्हाला झालं ते हे,’’ पळालेल्या त्या हरणाची गोष्ट बू सालेमकडून ऐकून झाल्यावर पहिल्या डब्यावर बोट ठेवून तो म्हणाला. ‘‘गोळी लहान होती म्हणून नाही. कामाची नव्हती म्हणून.’’

इतक्या वर्षांचं ओझं असं एका वाक्याने सरकतं का? सरकलं असावं. कारण बू सालेमनी तो डबा उचलून बाजूला ठेवला आणि लांब श्वास सोडला.

मैदानावर पुन्हा गेलो तेव्हा मी माझ्या अटी घातल्या. बाकावर बसून फार झाडायचं नाही. बसलेल्या माणसाचं अंग मागे जात नाही, सगळा धक्का खांद्यातच जिरतो. उभं राहून, काठीच्या तिकाटण्यावर रायफल टेकवून झाडायचं. रायफलीच्या मागे जाड रबरी गादी लावायची. थोडीच काडतुसं, मग थांबायचं, चहा घ्यायचा. आणि मधूनमधून मरियमने न सांगता ते रिकामं काडतूस घालायचं.

जड गोळ्यांची छिद्रं कागदावर विखुरली. महाग डबा होता तो, पण त्या रायफलीला मानवला नाही. मधल्या डब्याची तीन छिद्रं इतकी जवळ आली की शंभर फिल्सच्या नाण्याखाली झाकली गेली. पुन्हा झाडली, पुन्हा तशीच. मरियमने कागद उन्हात धरला आणि त्या छिद्रांमधून पलीकडचं आकाश दिसलं. आठवडे गेले. दंड भरला, पाठीच्या पात्याला जोर आला. आणि एका सकाळी रिकामं काडतूस आलं, ‘टक्’ झालं, आणि रायफल जागची हलली नाही. बू सालेमनी डोळे उघडे ठेवून समोर बघत विचारलं, ‘‘काय झालं? उडालं नाही?’’

त्या दिवशी मी हो म्हणाले. पण अट घातली. दोनशे मीटरच्या पुढचा बार नाही, कितीही मोठी शिंगं दिसली तरी. ‘‘हे काडतूस तुमचं, तर त्याची हद्दही तुमची,’’ मी म्हटलं. त्यांनी छातीवर हात ठेवला.

हिवाळा संपता संपता बाप-लेक नामिबियाला गेले. माझी झोप उडाली. मरियम रोज आवाजी निरोप पाठवायची. पहिल्या दिवशी दरीच्या पलीकडे एक प्रचंड नर दिसला. माग काढणारा माणूस म्हणाला, मारा, असा पुन्हा दिसणार नाही. यूबांनी नेम धरला, बघितलं, आणि रायफल खाली घेतली. ‘‘लांब आहे,’’ एवढंच म्हणाले. तो नर सावकाश चालत झाडीत गेला. त्यानंतर काही दिवस काहीच नाही. मग एका सकाळी एक म्हातारा नर, एक शिंग टोकाला मोडलेला, पाणवठ्यावरून वर आला, जवळून, आडवा. बू सालेम ‘बिस्मिल्ला’ म्हणाले आणि घोडा दाबला. जनावर उभं होतं तिथेच गुडघ्यांवर बसलं.

फोन वाजला तेव्हा मी एका पेशंटचा हात वर करत होते. ‘‘दकतोरा,’’ बू सालेम म्हणाले.  ‘‘त्याला दुखलं नाही. मलाही नाही.’’

मांस फार्मवरच्या माणसांच्या घरी गेलं. शिंगं त्यांनी आणली नाहीत. ‘‘अब्दुल्लाला शिंगांची हौस,’’ ते म्हणाले, ‘‘मला नाही.’’

आता उरली ती गोष्ट, जिच्यासाठी मला त्या हिवाळ्याचे आभार मानावेसे वाटतात आणि कुणापाशी मानावेत ते कळत नाही. त्याच आठवड्यात आईचा फोन आला.  मग बाबांनी फोन घेतला.

‘‘बंदूक दिलंय गो बाय,’’ ते म्हणाले. ‘‘पोलीस ठाण्यात. निवडणुकीक जमा करतंव तशी. त्या पोराक सांगलंय, आता परत मागूक येवचंय नाय.’’

 किती बोललो होतो आम्ही सगळे! यावेळी कुणीच काही बोललं नव्हतं. बाबांनीच हळूहळू सांगितलं. त्या दिवशी बू सालेमशी बोलून झाल्यावर ते मांगरात गेले. दाराला कडी लावली. बंदूक भरली नाही. नळीच्या टोकाशी एक चिंचोका ठेवला, खांद्याला लावली आणि समोरच्या खांबावर नेम धरला. घोडा दाबायची वेळच आली नाही. चिंचोका आधीच पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. असं ते रोज करत राहिले, सुधारतंय का बघायला. नाही सुधारलं.

‘‘तो माणूस आपल्या चेडवासमोर सगळा खरा बोललो,’’ बाबा म्हणाले. ‘‘मगे मी माझ्याशी तरी खोटा कित्याक बोलू?’’

मी रडले. फोनवर रडू लपतं असं वाटतं, लपत नाही. बाबा म्हणाले, ‘‘रडतंस कित्याक? त्याचो हात बरो होवचो होतो, तो झालो. माझो होवचो नाय. इतक्याच.’’ बू सालेमनी लहान काडतूस पत्करलं, बाबांनी काहीच पत्करलं नाही. आणि तरी दोघांचं एकच झालं असं मला वाटत राहिलं. डुकरांनी त्या वर्षी वायंगणातला थोडा भात खाल्ला. पुढच्या वर्षी बहिणीने शेताला विजेच्या तारेचं झटका मशीन लावून घेतलं. बाबा आता त्या तारेची बंदुकीसारखी निगा राखतात, रोज संध्याकाळी तिच्यावरचं गवत काढतात.

माझं तरी काय! मीही तयार काडतुसांवरच जगते. माझी भाकरी दुसऱ्याच्या पिठाची, पाणी समुद्राचं मीठ काढून कुणीतरी नळात सोडलेलं, नोकरी दुसऱ्याच्या देशात. घरापासून लांब राहणारा माणूस काहीच आपल्या हाताने मापत नाही. त्याने फक्त बघायचं असतं की यातलं आपल्या खांद्याला काय सोसेल. आणि कधीतरी एखादा परका म्हातारा माझ्या बापाशी असं काही बोलतो की जे सगळ्या घराला जमलं नाही ते होऊन जातं. याची परतफेड नसते. मला तर ती करावीशीही वाटत नाही. हे देणं असंच राहू दे.

गेल्या शनिवारी मरियमचा फोन आला. या वर्षी ती एकटी जाणार आहे. बू सालेमना आता लांबचं नीट दिसत नाही. ते मैदानावर मागे खुर्ची टाकून बसतात, थर्मासमधला चहा ओततात आणि प्रत्येक बार झाला की न बघता सांगतात, ‘‘उजवीकडे गेली.’’ बहुधा बरोबर असतं. मी त्या दिवशी मैदानावर गेले. मरियमची काडतुसं झाडून झाली. तिने रायफल रिकामी केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘इतक्या लोकांचे खांदे तुम्ही बरे करता. आज तुमचा बघू.’’

मी नको नको म्हणत होते. बू सालेम खुर्चीतून म्हणाले, ‘‘इसका बाप ने नहीं दिया होगा। लड़की है ना।’’

मी उभी राहिले. मरियमने रायफलीची गादी माझ्या खांद्याच्या खळगीत नीट बसवली. ती खळगी मी हजारो अंगांवर बोटांनी शोधली आहे. माझ्या अंगावर ती कुठे आहे ते मला तेव्हा कळलं. गालाला लाकूड गार लागलं. समोर कागद, त्यामागे वाळूचा बांध, त्यामागे काहीच नाही, नुसता उजेड. मी घोडा दाबला. धक्का आला, पण मला वाटलं होतं तसा नाही. एखाद्याने खांद्यावर थोपटून पुढे ढकलावं तसा. मग तो वास. त्याला या वेळी उंबरा ओलांडून आत यावं लागलं नाही. मी दुसऱ्यांदा झाडलं.

तिथूनच मी बाबांना फोन लावला. काय केलं ते सांगितलं.  मला वाटलं आता रागावतील. आम्हा बहिणींना त्यांनी कधी त्या बंदुकीच्या जवळ येऊ दिलं नव्हतं, आणि मी या वयात, परमुलखात जाऊन हे करून बसले होते.

मग त्यांनी विचारलं, ‘‘डोळे मिटलंस काय गो?’’

‘‘पहिल्यांदा मिटले, बाबा,’’ मी म्हटलं. ‘‘दुसऱ्यांदा नाही.’’

 फोन तोंडापासून लांब गेल्याचं मला कळलं, आणि लांबून, खळ्याच्या दुसऱ्या टोकाला असेल तिला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आईला हाक मारली.

‘‘गो, आयाकलंस? चेडवान बार काढल्यान! उघड्या डोळ्यान!’’